घरात ठेवलेल्या सायकलीबद्दल तीच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर

"ही सायकल जरा बाजूला घे." कुटुंबासोबत राहून सायकल घरात ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेले असते, आणि सायकल बाजूला घेऊनही ते थांबत नाही, ही त्याची खरी अडचण असते. जागा बदलली की आठवडाभर शांतता राहते, मग तेच वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून नव्या जागेबद्दल ऐकू येते, आणि असे पाच-सहा वेळा झाले की "तिला बाहेरच ठेव" हा निर्णय एके दिवशी सगळ्यांच्या संमतीने होऊन जातो. बाहेर ठेवलेली सायकल पावसाने गंजते, उन्हाने तिचे टायर तडकतात आणि चोरीची धास्ती कायम राहते. म्हणून ती वेळ येण्यापूर्वी तक्रारीचे मूळ शोधणे आवश्यक आहे.

आमच्या घरात आई, भाऊ, वहिनी, त्यांची लहान मुलगी आणि मी असे पाच जण राहतो. दीड वर्षात सायकलीच्या चार जागा बदलून झाल्यावर मी नवी जागा शोधणे थांबवले आणि महिनाभर प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवली: ती कोणी केली, केव्हा केली आणि त्या वेळी ती व्यक्ती काय करत होती. त्या नोंदी वाचताना लक्षात आले की नुसत्या उभ्या असलेल्या सायकलीबद्दल तक्रारी थोड्याच होत्या. बहुतेक तक्रारी सायकल आत येताना, बाहेर जाताना किंवा तिच्या आसपास कोणाला काही काम करायचे असताना उठत होत्या. मी दीड वर्ष जागेवर उपाय करत राहिलो आणि दोष मात्र सायकलीच्या ये-जा करण्याच्या रीतीत होता. या लेखातले उपाय त्या दृष्टीने मांडले आहेत.

शब्द एक, कारणे अनेक

"अडचण होते" या दोन शब्दांत घरातली माणसे निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. आई जेव्हा असे म्हणत असे, तेव्हा तिला रात्री अंधारात पेडल नडगीला लागलेले असे. वहिनी म्हणत असे तेव्हा तिला सायकलीखालची फरशी पुसायची असे आणि जड सायकल एकटीने हलवता येत नसे. भावाला पहाटेच्या आवाजाचा त्रास होता, पण तोही बोलताना "अडचण" हाच शब्द वापरी. तिघांनाही मी एकच उत्तर देत होतो आणि ते उत्तर, म्हणजे जागा बदलणे, तिघांपैकी एकाच्याही त्रासाला लागू पडत नव्हते.

त्यामुळे पहिली पायरी विचारण्याची आहे. "सायकलीचा त्रास होतो का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. "शेवटी त्रास झाला तेव्हा तुम्ही काय करत होता?" असे विचारावे. उत्तरात कपाटाचे दार, झाडू, अंधार, झोप, ओली फरशी किंवा लहान मूल यांपैकी काहीतरी निघते आणि निम्मे निदान तिथेच होते. घरातल्या सर्वांना एकत्र बसवून विचारण्यापेक्षा एकेकाला वेगळे विचारलेले बरे, कारण एकत्र बसल्यावर जो मोठ्याने बोलतो त्याची तक्रार सर्वांची ठरते आणि जो सगळ्यात जास्त सोसतो तो गप्प राहतो.

जाता-येता लागते

सायकल ही वस्तू मुळात अरुंद आहे. तिची चौकट आणि चाके यांची जाडी काही सेंटिमीटरच असते, पण दोन ठिकाणी ती एकदम रुंद होते. सरळ हँडलच्या शहरी सायकलीचे हँडल साधारण ५८ ते ६४ सेंमी, डोंगरी सायकलीचे ७२ ते ८० सेंमी आणि वळलेल्या हँडलच्या रेसिंग सायकलीचे ४० ते ४४ सेंमी रुंद असते. दोन्ही पेडलांची टोके एकमेकांपासून साधारण ३५ ते ४० सेंमी अंतरावर येतात. भिंतीला टेकवलेली सायकल भिंतीला हँडलच्या टोकाने टेकते, त्यामुळे तिची चौकट भिंतीपासून ३० सेंमी दूर राहते आणि हँडलचे दुसरे टोक वाटेत ६० सेंमीपर्यंत येते. हँडल आडवे नसते तर तीच सायकल निम्म्याहून थोड्या अधिक जागेत मावली असती.

म्हणून जे रोज सायकल चालवत नाहीत, आठवड्यातून एक-दोनदाच चालवतात, त्यांनी हँडल ९० अंशांत वळवून चौकटीला समांतर करून ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. आजकालच्या बहुतेक सायकलींवर हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या मागच्या बाजूला, पुढचे चाक धरणाऱ्या काट्याच्या दांड्याला आवळणारे दोन स्क्रू असतात. ते ४ किंवा ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) आळीपाळीने थोडे थोडे सैल करावेत, हँडल वळवावे आणि स्क्रू हलकेच आवळून ठेवावेत. वरच्या टोपीतला मधला स्क्रू मात्र हलवू नये, कारण काट्याच्या बेअरिंगवरचा ताण त्या स्क्रूने ठरवलेला असतो आणि तो बिघडला की हँडल खडखडू लागते. जुन्या पद्धतीच्या सायकलीत वरून एकच लांब बोल्ट असतो. तो दोन-तीन फेरे सैल करून लाकडाच्या तुकड्याने वरून ठोकला की आतली पाचर सुटते आणि हँडल वळते. ते वळवताना वर खेचू नये, आणि दांड्यावरची किमान खोलीची खूण बाहेर दिसू देऊ नये.

सायकल पुन्हा बाहेर काढण्यापूर्वी हँडल चाकाशी काटकोनात आणून स्क्रू आळीपाळीने आवळणे हा या उपायाचा अनिवार्य भाग आहे. किती आवळायचे ते बहुधा त्या तुकड्यावरच छापलेले असते आणि ते साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर असते. आवळून झाल्यावर पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल जोराने पिळून पाहावे. ते जराही सरकले तर सायकलीवर बसू नये. ज्यांना हे प्रत्येक वेळी करणे जमणार नाही किंवा घाईत राहून जाण्याची शक्यता आहे, त्यांनी हा उपाय करूच नये. वाटेत सैल हँडल फिरण्यापेक्षा पॅसेजमध्ये कोपर लागलेले परवडते. पान्याशिवाय हँडल वळवता येईल असे सुटे भागही मिळतात आणि रोज चालवणाऱ्यांसाठी तेच योग्य आहेत.

पेडलांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. घडीचे पेडल बसवले की नडगीला लागणे जवळजवळ थांबते. साधे पेडल १५ मिलिमीटरच्या पान्याने निघते, पण डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात आणि अनेकांची धांदल तिथेच उडते. दोन्ही बाजूंना लागू पडणारा एक नियम लक्षात ठेवावा: पाना पेडलाच्या दांड्यावर उभा बसवायचा, आणि त्याचे वरचे टोक मागच्या चाकाकडे ढकलले की पेडल सैल होते, पुढच्या चाकाकडे ढकलले की आवळते. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावावे, नाहीतर पुढच्या खेपेला ते निघणार नाही.

हँडलच्या टोकांना बसवलेली बुचे आहेत की नाहीत, हे ज्या घरात लहान मूल आहे तिथे आजच तपासावे. बूच पडलेली उघडी नळी म्हणजे पातळ धारेचे धातूचे कडे असते, आणि मूल तिच्यावर आपटले तर नुसते खरचटून थांबत नाही, खोल जखम होते. बूच ही अगदी किरकोळ वस्तू आहे, पण घरात ठेवलेल्या सायकलीवरचा तिच्याइतका महत्त्वाचा भाग मला दुसरा माहीत नाही. पुढच्या दातेरी चक्रांची गोष्टही अशीच आहे. दोन किंवा तीन चक्रे असतील तर घरी आल्यावर साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर चढवून ठेवावी, म्हणजे त्याचे दाते साखळीने झाकले जातात आणि पाय किंवा कपडा अडकून फाटत नाही.

दोन उपाय अगदी लहान आहेत. सायकलीचा साखळीचा भाग भिंतीकडे राहील अशी ती उभी करावी आणि वाटेकडचे पेडल सर्वांत खाली आणून ठेवावे, म्हणजे ते नडगीला न लागता पायाच्या पातळीवर राहते. याउपर सायकलीच्या मागच्या मडगार्डावर आणि वाटेकडच्या पेडलावर परावर्तक पट्टी चिकटवली, तर रात्री पॅसेजमधल्या थोड्याशा उजेडातही ती दिसते. आईच्या तक्रारी बंद झाल्या त्या या दोन गोष्टींनी, आणि त्यासाठी सायकल एक इंचही हलवावी लागली नाही.

फरशीवर आणि भिंतीवर डाग पडतात

टायरच्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि ती रबर टिकवण्यासाठीच असते. भिंतीवर किंवा फरशीवर टायर घासला की तिचा काळा ओरखडा उमटतो. दगडी किंवा चिनीमातीच्या फरशीवरचा असा ओरखडा साबणाच्या पाण्याने निघतो, पण व्हिनाइलच्या फरशीवर पडणारा पिवळसर तपकिरी डाग ही वेगळी बाब आहे. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात जी रसायने घातलेली असतात, ती टायर एकाच जागी टेकून राहिल्याने हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि त्या थराचाच रंग बदलतो. हा डाग वरचा नसल्यामुळे कशानेही घासून जात नाही. भाड्याच्या घरात तो जाताना दाखवला जातो, आणि स्वतःच्या घरात तो रोज दिसतो.

या ठिकाणी बहुतेक जण चाकाखाली रबराची चटई घालतात आणि तीही तोच डाग पाडते, कारण तिच्यातही तशीच रसायने असतात. चटईचा वरचा भाग कापडी असला तरी तळाला रबर असू शकते, हे उलटून पाहावे. व्हिनाइलवर चाकाखाली लाकडी फळी, जाड पुठ्ठा किंवा कडक प्लास्टिकचा उथळ ट्रे ठेवावा. ट्रे मला सर्वांत आवडतो, कारण त्याच्या काठामुळे पाणीही अडते आणि फरशी पुसणाऱ्याला तो एका हाताने उचलता येतो.

भिंतीवर डाग नेहमी ठरावीक उंचीवर पडतात: हँडलच्या मुठीच्या, सीटच्या आणि पेडलाच्या. सगळी भिंत झाकण्याची गरज नसते. सायकल जागेवर उभी करून या तीन उंचींवर पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि तेवढ्याच ठिकाणी कापडाचे किंवा फेल्टचे तुकडे लावावेत. सायकलीच्या स्टँडचे टोकही विसरू नये. सायकलीच्या वजनाचा काही भाग त्या लहानशा टोकावर एकवटतो आणि लाकडी फरशीत तिथे खळगा पडतो. त्याच्याखाली लाकडाची चकती ठेवली की काम होते.

तेलाचे डाग मात्र सायकलीचा मालक स्वतःच तयार करतो. साखळीत साधारण ११० ते ११६ कड्या असतात. प्रत्येक कडीच्या गोल नळकांडीवर एकेक थेंब एवढेच तेल तिला लागते, आणि तेही आत मुरल्यावर बाहेरून कोरडे पुसून काढायचे असते, कारण साखळीच्या आतले तेल झीज थांबवते आणि बाहेरचे तेल फक्त धूळ धरून काळा चिखल तयार करते. तेल टाकले की रात्रभर थांबून सकाळी फडक्याने साखळी घट्ट धरावी आणि पेडल उलटे फिरवत ती पुसत राहावी. फडक्यावर काळे येणे जवळजवळ थांबले की थांबावे. सायकल घरातच ठेवायची असेल तर मेणयुक्त कोरडे वंगण वापरणे अधिक बरे. ते पावसात लवकर धुऊन जाते आणि वारंवार लावावे लागते, पण कपड्यांना आणि भिंतीला जवळजवळ लागत नाही. मी ते बदलल्यापासून पडद्यावर डाग पडलेला नाही.

पावसाळी दिवसांसाठी उंबरठ्याबाहेरची तीन मिनिटे ठरवून ठेवावीत. सायकल काही सेंटिमीटर उचलून चाकांवर दोन-तीनदा आपटली की चौकटीवरचे आणि साखळीवरचे बरेच पाणी बाहेरच गळते. मग ओले फडके टायरवर धरून सायकल पुढे ढकलावी, म्हणजे चाक फिरता फिरता पुसले जाते. रिमवर चावणारे ब्रेक असतील तर रिमही पुसावी, कारण ओल्या दिवशी ब्रेकच्या रबराची आणि अ‍ॅल्युमिनियमची झीज पाण्यात मिसळून जो काळा लगदा होतो, तोच नंतर फरशीवर थेंबाथेंबाने पडतो आणि त्याचे खापर साखळीवर फुटते. डिस्क ब्रेक असतील तर साखळीचे तेलकट फडके डिस्कला चुकूनही लावू नये, नाहीतर ब्रेक धरणार नाहीत. दोन फडकी, दोन वेगळ्या रंगांची, दाराबाहेर टांगलेली असावीत. ओली सायकल आत आणून तिच्यावर कव्हर घालण्याची सवय काही घरांत दिसते, पण त्यामुळे ओल कोंडते आणि गंज वाढतो. कव्हर घालायचे तर सायकल पूर्ण कोरडी झाल्यावर घालावे.

झाडता-पुसता येत नाही

ही तक्रार सहसा हळू आवाजात केली जाते, आणि म्हणूनच तिच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे. साधी सायकल १० ते १६ किलोची असते, तिचे पुढचे चाक हवे तेव्हा वळते आणि ती अडखळली की तोल सांभाळणे सवय नसलेल्या माणसाला कठीण जाते. घर झाडणाऱ्या व्यक्तीला ती रोज हलवावी लागत असेल तर सायकल तुमची आणि कष्ट तिचे, अशी विभागणी होते. यावर दोनच उपाय खरे आहेत. एक तर सायकल जमिनीपासून वर टांगावी, किंवा तिच्याखालची आणि मागची जागा झाडण्याचे व पुसण्याचे काम कायमचे तुम्ही घ्यावे. मी दुसरा उपाय केला. फरशीवर रंगीत चिकटपट्टीने एक चौकोन आखला आणि त्या चौकोनातली सफाई माझी, असे वहिनीला सांगितले. ते काम मी शब्दाप्रमाणे करू लागल्यानंतर तो विषय परत निघाला नाही. चौकोनाचा आणखी एक उपयोग झाला. सायकल रेषेबाहेर आली आहे की नाही हे सर्वांना दिसते, त्यामुळे त्यावर वाद घालायला काही उरत नाही.

पहाटेचा आवाज

टकटक असा तो आवाज मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा असतो. पेडल स्थिर ठेवून चाक पुढे फिरले की आतले खटके दात्यांवरून घसरतात आणि वाजतात. सायकल मागे ढकलली तर खटके अडकतात, साखळीसह पेडल उलटे फिरते आणि आवाज होत नाही. म्हणून झोपलेल्या घरातून निघताना सायकल मागच्या बाजूने बाहेर न्यावी किंवा मागचे चाक जरासे उचलून न्यावी. मागे ढकलताना फिरणारे पेडल स्वतःच्या पायाला लागू नये एवढे बघावे. त्यासाठी रात्रीच सायकल अशी उभी करून ठेवावी की तिचे मागचे चाक दाराकडे असेल. कुलूप, पंप आणि हेल्मेटही दाराजवळ एका ठिकाणी असावेत, कारण पहाटे माणसे चाकापेक्षा किल्ल्यांच्या आवाजाने अधिक जागी होतात.

टांगायची असेल तर

टांगणे हा सर्वांत आकर्षक उपाय आहे आणि सर्वांत जास्त चुकाही त्यातच होतात. पहिली चूक मापाची असते. पुढचे चाक हुकाला अडकवून सायकल उभी टांगली की भिंतीची लांबी वाचते, पण सायकल भिंतीपासून एक मीटर किंवा त्याहून अधिक पुढे येते. पॅसेजसाठी ही पद्धत चुकीची आहे आणि खोलीच्या कोपऱ्यासाठी चांगली आहे. पॅसेजमध्ये सायकल भिंतीला समांतर, माणसाच्या डोक्याच्या वर किंवा एखाद्या बुटक्या कपाटाच्या वर टांगली तरच वाट मोकळी राहते, आणि तेव्हाही हँडल वळवलेले हवे.

दुसरी चूक स्क्रूची. आमच्याकडे बसवलेला आडवा ब्रॅकेट तीन आठवड्यांत गिलाव्यासह निघून आला. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी नव्हते. "हा ब्रॅकेट ३० किलो पेलतो" असे त्यावर लिहिलेले होते आणि सायकल १५ किलोची होती, तरीही हे का झाले, ते मला नंतर हिशेब मांडल्यावर कळले. सायकलीचे वजन भिंतीला चिकटून नसते, ते भिंतीपासून सुमारे ३० सेंमी दूर लोंबते. ब्रॅकेटच्या तळाच्या कडेपासून वरचा स्क्रू १० सेंमीवर असेल, तर तरफेच्या नियमाने त्या वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर ओढणारा जोर १५ गुणिले ३० भागिले १०, म्हणजे ४५ किलोच्या वजनाइतका होतो. सायकल चढवता-उतरवताना बसणारा धक्का त्यात धरलेलाही नाही. तोच ब्रॅकेट २० सेंमी उंच असता तर ही ओढ साडेबावीस किलोवर आली असती. म्हणून ब्रॅकेट विकत घेताना त्याची पाटी शक्य तेवढी उंच बघावी, आणि स्क्रू गिलाव्यात न थांबता मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये पुरेसे खोल जातील याची खात्री करावी. पोकळ ब्लॉकच्या भिंतीला त्याच्यासाठीचे खास प्लग लागतात. जिप्समच्या पातळ पार्टिशनवर सायकल टांगायची असेल तर स्क्रू मागच्या उभ्या आधारातच गेला पाहिजे, नुसत्या जिप्समच्या तक्त्यावर कधीही टांगू नये.

भिंतीला भोक पाडता येत नसेल तर जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणून बसणारा खांब मिळतो. तो पक्क्या छतालाच टेकवावा, फॉल्स सीलिंगला नाही. नाहीतर कोपऱ्यात सायकल मागच्या चाकावर उभी करून ठेवता येते, मात्र तेव्हा मागच्या ब्रेकची मूठ रबरी पट्ट्याने दाबून बांधावी, म्हणजे चाक घसरणार नाही. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेली सायकल पूर्ण उलटी बराच काळ ठेवू नये. मुठीजवळच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत शिरली तर मूठ मऊ लागते. तसे झाल्यास सायकल सरळ उभी करून मूठ अनेकदा दाबावी, आणि तरीही ती घट्ट झाली नाही तर ब्रेकमधली हवा काढून घ्यावी.

जागा कमी करण्यासाठी पुढचे चाक काढून ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. चाक काढल्याने साधारण १७५ सेंमी लांबीतून ३५ सेंमीच वाचतात, कारण काटा तिथेच राहतो. डिस्क ब्रेक असेल तर काढलेल्या चाकाच्या जागी ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठ्याची घडी घालावी. आमच्या पुतणीने एकदा खेळता खेळता मूठ दाबली आणि पट्ट्या एकमेकींना चिकटून बसल्या. त्या सपाट पट्टीने जपून उघडाव्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यात गेली.

विजेवर चालणारी सायकल

विजेच्या सायकलीबाबत कुटुंबातल्या कोणी भीती व्यक्त केली, तर ती समजूत घालून बाजूला सारू नये. लिथियम-आयन बॅटरी बिघडून तापू लागली की ती स्वतःच स्वतःला तापवत जाते, फार वेगाने पेटते, विषारी धूर सोडते आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते. घरात जाण्यायेण्याचा एकच रस्ता असेल आणि तिथेच बॅटरी चार्ज होत असेल, तर आग लागल्यावर आतल्या माणसांना बाहेर पडण्याची वाट उरत नाही. म्हणून ही सायकल किंवा निदान तिची बॅटरी मुख्य दाराजवळ आणि जिन्याजवळ चार्ज करू नये. सगळे झोपलेले असताना किंवा घरात कोणी नसताना चार्जिंग लावू नये, चार्जर मूळचाच वापरावा, गरम बॅटरी निवल्यावरच लावावी, आणि पडलेली, फुगलेली, वास येणारी किंवा स्वतः दुरुस्त केलेली बॅटरी घरात ठेवूच नये. सायकल महिनोन्महिने वापरायची नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवणे चांगले. नवी घेताना संपूर्ण विद्युत यंत्रणेची यूएल २८४९ या मानकाप्रमाणे तपासणी झाली आहे का, ते विचारावे. बॅटरीतून धूर दिसला तर ती उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. सगळ्यांनी बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, आधीच सांगून ठेवलेले असावे.

अशा सायकली २० ते २५ किलोच्या असतात. बॅटरी काढून वेगळी उचलली तर जिना चढताना वजन थोडे कमी होते. साधी सायकल जिन्यावरून नेताना ती उजव्या खांद्यावर घ्यावी, म्हणजे साखळी अंगापासून दूर राहते आणि जिन्याच्या भिंतीवरही आपले लक्ष राहते.

सगळे करूनही तक्रार परत आली तर

असे होईल. घर बदलत असते. रांगणारे मूल चालायला लागते, कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन होते, पाहुणे राहायला येतात, एखादे नवे कपाट येते. अशा वेळी जुनी जागा चुकीची नव्हती हे पटवून देण्यात वेळ घालवू नये. पुन्हा टेप घ्यावी आणि वाट मोजावी. घरात कोणी वॉकर वापरत असेल तर सुमारे ६० सेंमी रुंदीचा वॉकर आणि तो धरणाऱ्याचे हात मिळून किमान ९० सेंमी मोकळी वाट हवी, आणि ती सायकलीचे पेडल व हँडल धरून मोजलेली हवी. मूल चालू लागले असेल तर हँडलच्या टोकांची उंची त्याच्या चेहऱ्याच्या उंचीशी जुळते का हे पाहावे आणि चाकाच्या आऱ्यांत बोट घालता येणार नाही अशा बाजूला सायकल फिरवावी. गुडघा दुखणाऱ्या माणसाला सायकलीला वळसा घालावा लागत असेल, तर तेवढे दिवस सायकल तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगाशेजारी आली पाहिजे, मग तिथे तुम्हाला कितीही अवघड होवो.

आमच्याकडे या वर्षी आईच्या पायाला दुखापत झाली, तेव्हा मी तेच केले. आखलेल्या चौकोनातली सायकल दीड महिना माझ्या खोलीत होती, हँडल वळवून, पेडल काढून. आई बरी झाल्यावर तिनेच विचारले की सायकल अजून आत का आहे. चिकटपट्टी तोवर निघून गेली होती, म्हणून आम्ही दोघांनी मिळून ती त्याच मापावर पुन्हा लावली.